क्रीममधलं झिंक, वेल्डिंगचा धूर, भस्माची पुडी : नॅनो ऑक्साईडबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की "नॅनो" असं छापलेल्या वस्तूंबद्दल जे विचारायचंय ते बिनधास्त विचारा. मेल, पत्रं, व्हॉट्सॅप मिळून इतकं आलं की सगळं एका अंकात घेणं शक्य नाही, पण वाचताना एक लक्षात आलं, बहुतेक प्रश्न धातूंच्या ऑक्साईडचेच आहेत. झिंक ऑक्साईड, टायटॅनियम डायऑक्साईड, लोखंडाची ऑक्साईडं. पदार्थ म्हणून यातलं काहीच नवीन नाही, गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साईडच, आणि घामोळ्यावर लावायचं कॅलामाईन लोशन म्हणजे झिंक ऑक्साईड, त्याचा तो गुलाबी रंग येतो किंचित लोहाच्या ऑक्साईडमुळे. नवीन आहे तो आकार, १ ते १०० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर.

आकार लहान झाल्याने एवढा काय फरक पडतो, तर एक हिशोब करून बघा. एक ग्रॅम झिंक ऑक्साईड, त्याचे एक मिलिमीटरचे गोल दाणे असतील तर सगळ्या दाण्यांचा बाहेरचा पृष्ठभाग मिळून भरतो साधारण ११ चौरस सेंटिमीटर. त्याच एका ग्रॅमचे २० नॅनोमीटरचे कण केले की हाच आकडा होतो सुमारे ५३ चौरस मीटर, म्हणजे पावणेसहाशे स्क्वेअर फुटांचा वन बीएचके. रासायनिक क्रिया होते ती पृष्ठभागावर, त्यामुळे तोच पदार्थ जास्त वेगाने विरघळतो, जास्त वेगाने क्रिया करतो, उपयोग वाढतो आणि त्रास द्यायची ताकदही वाढते. म्हणून कुठलाही प्रश्न आला की मी आधी दोन गोष्टी विचारते, कण कशात तरी बांधलेला आहे की मोकळा उडतोय, आणि तो शरीरात कुठल्या वाटेने जातोय. उत्तरं वाचताना हे डोक्यात ठेवा.

मला वांग आहेत, डॉक्टरांनी झिंक ऑक्साईडवालं सनस्क्रीन लिहून दिलंय. नॉन-नॅनो लावलं तर चेहरा पांढराफटक दिसतो, ऑफिसला जायची लाज वाटते. नॅनो घ्यावं तर इन्स्टावर सांगतात की कण कातडीतून रक्तात जातात. नक्की काय करू? — एक वाचक, ठाणे

ताई, सनस्क्रीन बंद करू नका, हे पहिलं.

आता पांढरेपणाचं कारण. दोन-तीनशे नॅनोमीटरच्या आसपासचे कण डोळ्यांना दिसणारा उजेड जोरात विखुरतात म्हणून थर पांढरा दिसतो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साईड घालतात ते त्यासाठीच. कण शंभर नॅनोमीटरच्या खाली गेले की दिसणारा उजेड त्यांच्यातून बराचसा सरळ निघून जातो आणि क्रीम जवळजवळ पारदर्शक दिसतं, पण अल्ट्राव्हायोलेट मात्र ते शोषतातच, कारण शोषण्याचा गुण पदार्थाच्या इलेक्ट्रॉनच्या रचनेतून येतो. झिंक ऑक्साईड साधारण ३७०-३८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचं शोषतं. दुकानात सांगतात ना की मिनरल सनस्क्रीन आरशासारखं ऊन परत पाठवतं, ते फारसं खरं नाही, २०१६ मध्ये मोजून दाखवलंय की अल्ट्राव्हायोलेटमधला परत फिरणारा भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, बाकीचं काम शोषण्याचंच.

रक्तात जाण्याबद्दल. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एक फार छान प्रयोग झाला होता. शरीरात आधीच भरपूर जस्त, म्हणजे झिंक, असतं त्यामुळे क्रीममधलं कुठलं आणि आपलं कुठलं हे कळणार कसं, म्हणून संशोधकांनी जस्ताचा ६८ वस्तुमानाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) जास्त असलेलं खास झिंक ऑक्साईड बनवलं आणि स्वयंसेवकांना ते लावून पाच दिवस समुद्रकिनाऱ्यावर उन्हात बसवलं. रक्तात-लघवीत तो समस्थानिक सापडला, पण लावलेल्याच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी, आणि सापडलं ते अख्खे कण होते की विरघळलेलं जस्त हे त्या पद्धतीत वेगळं कळत नाही. इतर बहुतेक अभ्यासांतही कण वरच्या मृत पेशींच्या थरातच अडकलेले दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९ च्या प्रस्तावात सनस्क्रीनमधले दोनच घटक सरळ सुरक्षित-परिणामकारक गटात ठेवले, झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड, दोन्ही २५ टक्क्यांपर्यंत. युरोपातही नॅनो झिंकला २५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, फक्त जे फुप्फुसात जाऊ शकेल अशा स्वरूपात, म्हणजे स्प्रेमध्ये, नाही. तेच मीही सांगीन, क्रीम किंवा लोशन घ्या, तोंडावर स्प्रे मारू नका, उडणारी पावडर नको.

टायटॅनियमवालं घेणार असाल तर अजून एक गोष्ट. टायटॅनियम डायऑक्साईडच्या अॅनाटेज या प्रकारावर ऊन पडलं की तो आजूबाजूच्या सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडेशन करत सुटतो. ऑस्ट्रेलियात रंगवलेल्या स्टीलच्या छपरांवर हाता-बोटांच्या आकाराचे डाग पडायला लागले, तिथला रंग वर्षानुवर्षं उन्हात राहिल्यासारखा खराब झालेला, आणि २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात कारण निघालं छपरं बसवणाऱ्या कामगारांच्या हाताला लागलेलं सनस्क्रीन, त्यातलं अॅनाटेज. काही ठिकाणी रंग खराब होण्याचा वेग शंभरपट होता. म्हणून चांगल्या उत्पादनांत रुटाइल प्रकार वापरतात आणि कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचा पातळ थर चढवतात. लेबलवर टायटॅनियमच्या सोबत सिलिका, अॅल्युमिना, डायमेथिकोन अशी नावं दिसली तर ती बहुतेक त्यासाठी असतात.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर वांग नुसत्या अल्ट्राव्हायोलेटने वाढत नाहीत, दिसणाऱ्या उजेडातला निळा भागही ते गडद करतो, आणि नॅनो झिंक त्याला अडवत नाही, पारदर्शक आहे म्हणजेच अडवत नाही. तो अडवतात लोहाची ऑक्साईडं, लाल-पिवळी-काळी. ती असलेलं टिंटेड सनस्क्रीन मिळतं, रंग कातडीशी जुळतो त्यामुळे पांढरेपणाचाही प्रश्न सुटतो. डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.

मॅडम नमस्कार, मी फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर आहे. जीआय पाइपचं काम असलं की त्या रात्री थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला गोडसर धातूची चव. सकाळी बरं वाटतं. सोमवारी जास्त होतं. शेठ म्हणतात दूध पी, गूळ खा. याचा नॅनोशी संबंध आहे का? — भोसरी

दादा, संबंध अगदी थेट आहे, आणि या महिन्यात आलेल्यातला हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटला, कारण इथे कण मोकळे आहेत आणि सरळ फुप्फुसात जातायत. सनस्क्रीनबद्दल जितकी चर्चा होते त्याच्या दहावा हिस्सा तरी तुमच्या कामाबद्दल व्हायला हवी.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं आणि वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी वर असतो. जस्ताची वाफ होते, हवेतला ऑक्सिजन लागला की लगेच झिंक ऑक्साईड बनतं आणि तो दाट पांढरा धूर दिसतो. त्यातले मूळ कण शंभर नॅनोमीटरच्या आतले, एकमेकांना चिकटून साखळ्या होतात, पण तरी इतके बारीक की फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीर जंतू आल्यासारखं वागतं, दाह होतो आणि चार ते दहा तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, खोकला. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. मेटल फ्युम फीवर म्हणतात याला, फार जुना आजार आहे. रोज धूर घेतला की शरीराला तात्पुरती सवय होते, रविवारच्या सुट्टीत ती जाते, म्हणून तुमचा सोमवार वाईट.

दूध-गुळाने हे थांबत नाही, ते पोटात जातं आणि धूर फुप्फुसात. भूक लागली असेल तर जरूर प्या, पण त्यावर विसंबू नका. रुमाल किंवा कापडी मास्कही या कणांना अडवत नाही.

खरं उपयोगाचं काय, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-तीन इंच झिंकचा थर ग्राइंडरने काढून टाका, लोखंड दिसेपर्यंत, आणि ते घासतानाही मास्क हवा. धूर ओढून घेणारा पंखा किंवा डक्ट जोडाच्या जवळ हवा, छताला लावलेला एक्झॉस्ट पुरत नाही, धूर तुमच्या नाकासमोरून वर जातो आणि मग पंख्याकडे जातो. असं उभे राहा की वारा बाजूने येईल आणि डोकं धुराच्या खांबात येणार नाही. बंद टाकीत किंवा कोपऱ्यात जीआय मारू नका. मास्क एन९५ किंवा त्याहून वरचा, काडतूस बदलता येणारा अर्धा मास्क असेल तर उत्तम, आणि चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत शिरते. अमेरिकेत झिंक ऑक्साईडच्या धुराची आठ तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम आहे, आणि हवा न काढता जीआय मारलं की ती ओलांडायला वेळ लागत नाही.

डॉक्टरकडे गेलात की "आज जीआयचं वेल्डिंग केलं" हे आवर्जून सांगा, नाहीतर मलेरिया-डेंग्यूच्या टेस्ट होत राहतात. आणि एक धोक्याचं, काही जुने नट-बोल्ट कॅडमियम प्लेटिंगचे असतात, चांदीच्या ब्रेझिंगच्या काही रॉडमध्येही कॅडमियम असतं. त्याच्या धुराची सुरुवात अशीच तापासारखी होते पण नंतर फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावू शकतो. म्हणून दम लागला, छातीत दुखलं, किंवा दोन दिवसांत उतरलं नाही तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे हे कामामुळे झालंय असं केस पेपरवर लिहून घ्या.

याच्याशी जोडून अजून एक. मोकळ्या धातूच्या कणांचा प्रश्न फक्त वर्कशॉपचा नाही. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या तपासणीत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साईडचे, गोल नॅनोकण सापडले, शरीरात आपोआप बनणारे असतात तसे टोकदार नव्हते, जळणातून किंवा घर्षणाच्या उष्णतेतून बनतात तसे गोल. त्याने मेंदूचा आजार होतोच असं त्यातून सिद्ध होत नाही, पण गाड्यांचा धूर आणि ब्रेकची धूळ नाकातून कुठपर्यंत जाऊ शकते हे त्यातून दिसलं, आणि चौकात दिवसभर उभ्या असणाऱ्या ट्रॅफिक पोलिसांचा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या वैद्यांकडून मी यशद भस्म घेतो. नातू म्हणतो की हे तर झिंक ऑक्साईडचे नॅनोपार्टिकल. म्हणजे आपल्या लोकांना नॅनो आधीच माहीत होतं म्हणायचं का? आणि घ्यावं का न घ्यावं? — एक ज्येष्ठ वाचक, सांगली

काका, तुमचा नातू बरोबर सांगतोय. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २००९ मध्ये जसद, म्हणजे यशदच, भस्माचा अभ्यास छापला, त्यात नॅनो आकाराचं झिंक ऑक्साईड सापडलं, आणि तेही किंचित ऑक्सिजन कमी असलेलं. शोधन म्हणजे शुद्ध करणं, मारण म्हणजे धातूचं भस्म करणं, पुन्हा पुन्हा पुट देणं म्हणजे भाजणं, यातून कण बारीक होत जातात, आणि तयार झालं का हे बघायच्या जुन्या कसोट्या किती विचारपूर्वक आहेत बघा, बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे म्हणजे रेखापूर्ण, पाण्यावर तरंगलं पाहिजे म्हणजे वारितर, परत धातू होता कामा नये म्हणजे अपुनर्भव. या कसोट्या ज्यांनी बसवल्या त्यांचं निरीक्षण फार बारीक होतं. पण त्यांनी नॅनोमीटर मोजला नव्हता, अणूंची कल्पना आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे "नॅनो आधीच माहीत होतं" असं मी म्हणणार नाही, जे त्यांनी खरंच केलं तेच पुरेसं मोठं आहे.

घ्यायचं का, तर इथे कणाच्या आकारापेक्षा मात्रा महत्त्वाची. झिंक ऑक्साईड जठरातल्या आम्लात विरघळतं, त्यामुळे पुढे आतड्यात जातं ते बरंचसं साधं जस्तच. १२५ मिलिग्रॅम शुद्ध झिंक ऑक्साईडमध्ये जस्त असतं सुमारे १०० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला लागतं १७ मिलिग्रॅम, आणि ४० च्या वर रोज, बराच काळ, नको असं मानतात. जास्त जस्त महिनोन्महिने गेलं की तांबं शोषलं जात नाही, मग रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि तुमच्या वयात हे म्हातारपणामुळे झालं असं समजून सोडून दिलं जातं. किती दिवस घ्यायचं हे वैद्यांना स्पष्ट विचारा आणि तुमच्या फिजिशियनलाही सांगा.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. २००४ मध्ये बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. खनिज जस्तासोबत शिसं आणि कॅडमियम निसर्गतःच येतात, म्हणून कच्चं जस्त कसलं वापरलंय यावर सगळं अवलंबून. बॅच नंबर आणि जड धातूंचा तपासणी अहवाल देऊ शकणाऱ्या उत्पादकाचंच घ्या, पुडीत बांधून दिलेलं नको.

बीपीच्या गोळीवर आणि मुलीच्या जेलीच्या गोळ्यांवर टायटॅनियम डायऑक्साईड लिहिलंय. युरोपात बंदी आहे म्हणतात. गोळी बंद करू? — नागपूर

गोळी अजिबात बंद करू नका. बीपी वाढण्याचा धोका आजचा आणि खात्रीचा आहे, कोटिंगमधल्या काही मिलिग्रॅम टायटॅनियमचा धोका अजून वादात आहे.

वाद काय तो असा. खाण्यातलं टायटॅनियम डायऑक्साईड, म्हणजे ई१७१, पांढरेपणासाठी असतं आणि त्यातला काही भाग शंभर नॅनोमीटरहून लहान असतो. २०२१ च्या मे महिन्यात युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की हे डीएनएला इजा करत नाही अशी खात्री देता येत नाही, म्हणून सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. इजा करतं असं सिद्ध झालं असं ती संस्था म्हणाली नाही. त्यावरून २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांतून ते काढलं, औषधांत मात्र अजून चालतं. ब्रिटन आणि कॅनडाच्या संस्थांनी तोच पुरावा बघून एवढा टोकाचा निष्कर्ष काढला नाही, अमेरिकेत वजनाच्या एक टक्क्यापर्यंत चालतं.

माझं मत विचाराल तर, औषधात ते चालवून घ्या, लहान मुलांच्या गोळ्या-चॉकलेटात मात्र त्याचा काहीही उपयोग नाही, ना चव ना पोषण, नुसता पांढरा चकचकीतपणा. ज्याचा फायदा शून्य त्याच्यासाठी थोडा संशयही का घ्यायचा? पाकिटावर १७१ किंवा आयएनएस १७१ दिसलं की मी ते परत ठेवते.

टीवाय बीएस्सीचा प्रोजेक्ट आहे, तुळशीच्या पानांपासून झिंक ऑक्साईड नॅनोपार्टिकल्स करतेय. पांढरी पावडर मिळाली. पुढे काय दाखवू? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

छान, पण सगळ्यात आधी एक काम कर, तुळस न घालता तोच प्रयोग कर. तेच झिंक नायट्रेट किंवा अॅसिटेट, तोच सोडियम हायड्रॉक्साईड, तेच तापमान, फक्त अर्काच्या जागी पाणी. कारण अल्कलीने झिंक हायड्रॉक्साईड खाली बसतं आणि भट्टीत ४०० अंशाला त्याचं ऑक्साईड होतंच, तुळस असो नसो. तुळशीने काय बदललं, आकार, आकाराचा सारखेपणा, गुठळ्या, हे या तुलनेशिवाय कळूच शकत नाही, आणि "ग्रीन सिंथेसिस" म्हणून छापल्या जाणाऱ्या कितीतरी कामांत ही तुलनाच नसते, मला याचं खरंच वाईट वाटतं कारण कष्ट तेवढेच लागतात.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची चाचणी) मिळाला तर शेररच्या सूत्रातून येतो तो स्फटिकाचा आकार, कणाचा नाही, एका कणात अनेक स्फटिक असू शकतात, रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिही. यूव्ही-व्हिजिबलमध्ये, म्हणजे कुठला प्रकाश शोषला जातो त्या आलेखात, ३६०-३७५ नॅनोमीटरच्या आसपास कडा दिसेल. त्यावरून लगेच क्वांटम इफेक्ट (कण फार लहान झाल्यामुळे गुण बदलणं) लिहू नकोस, झिंक ऑक्साईडमध्ये तो ठळक दिसायला कण सात-आठ नॅनोमीटरच्या खाली लागतात आणि ४०० अंशाला भाजलेले कण सहसा त्याहून मोठे असतात. मेथिलीन ब्लू हा निळा रंग उन्हात फिका होतो हे दाखवणार असशील तर आधी तेच मिश्रण अर्धा तास अंधारात ठेव, रंग नुसता कणांना चिकटूनही कमी होतो, आणि पावडर न घातलेला रंगही उन्हात ठेव, तो स्वतःही थोडा फिका पडतो.

कोरडी पावडर फ्युम हूडमध्येच वजन कर, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस, विरघळलेलं जस्त पाण्यातल्या जीवांना फार विषारी असतं.

तुझ्याच गावात शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साईडच्या पातळ थरांवर कित्येक वर्षांचं काम आहे, तिथे जाऊन गॅस सेन्सर बघून ये. टिन ऑक्साईडचा सेन्सर १९६२ मध्ये जपानमध्ये तागुची यांनी पेटंट केला, घरगुती गॅसच्या गळतीसाठी. गरम टिन ऑक्साईडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसतो त्यामुळे विजेला होणारा रोध जास्त असतो, गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी क्रिया करतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध धाडकन पडतो आणि अलार्म वाजतो. दाणे पाच-सहा नॅनोमीटरपर्यंत लहान केले की अख्खा दाणाच या खेळात येतो आणि संवेदनशीलता एकदम वाढते. पृष्ठभागाचा हिशोब वर दिलाय तो इथे प्रत्यक्ष दिसतो.

मोसंबीची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पडलीत. दुकानदार नॅनो झिंक घ्या म्हणतो, अर्धा लिटरची बाटली. झिंक सल्फेट सोडून हे घेऊ का? — शेतकरी, जालना

भाऊ, लक्षणं जस्ताच्या कमतरतेसारखी आहेत, पण लोह आणि मँगेनीजची कमतरताही अशीच फसवते, त्यामुळे आधी पान-माती तपासा. मातीत डीटीपीए पद्धतीने ०.६ पीपीएमच्या खाली जस्त आलं तर कमतरता धरतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पीएच आठच्या वर असतो आणि पीएच एकने वाढला की जस्ताची विद्राव्यता शंभरपट घटते, म्हणून जमिनीत टाकलेलं अडकून बसतं आणि फवारणी बरी पडते.

आता बाटलीचा हिशोब. समजा लेबलवर १ टक्का जस्त आहे, तर अर्ध्या लिटरमध्ये ५ ग्रॅम. एक किलो झिंक सल्फेटमध्ये २१ टक्क्याने २१० ग्रॅम. ते ५ ग्रॅम २१० चं काम करतात असा दावा असेल तर तो तुमच्या पिकावर, तुमच्या भागात, कृषी विद्यापीठाच्या चाचणीत दाखवलेला असायला हवा, दुकानदाराला तो कागद मागा. कण लहान म्हणजे पानात चांगले शिरतात, सल्फेटपेक्षा हळूहळू विरघळतात, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. तरी यंदा निम्म्याहून जास्त बागेत नेहमीचंच ठेवा, ०.५ टक्का झिंक सल्फेट आणि ०.२५ टक्का चुन्याची निवळी, दोन-चार ओळींवर नॅनो मारून बघा आणि दोन ओळी काहीच न मारता सोडा. आणि फवारताना तोंडाला चांगला मास्क, तुषार नाकात जातात.

घराच्या आतल्या भिंतींना "हवा शुद्ध करणारा" नॅनो टायटॅनियमचा रंग मारावा का? — पुणे

आतून मारून फार उपयोग नाही. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साईडवर प्रकाश पडला की पाण्याचंही विघटन होतं, आणि त्याच गुणावर स्वतः साफ होणाऱ्या काचा, टाइल्स, रोममधल्या २००३ च्या ज्युबिली चर्चचं पांढरं काँक्रीट हे सगळं उभं राहिलं. पण त्याला साधारण ३९० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो. घरातल्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सुरू होतो निळ्यापासून, साडेचारशेच्या आसपास, आणि खिडकीची काचही बराच अल्ट्राव्हायोलेट अडवते. बाहेरच्या भिंतीला ऊन आणि पाऊस दोन्ही मिळतं तिथे ठीक. आत त्या पैशात एक्झॉस्ट फॅन बसवा.

मी आशा आहे. गरोदर बायांना रक्त कमी असलं की लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून देतात. कोणीतरी सांगितलं त्यात नॅनो असतं म्हणून दोघीजणी भिऊन परत गेल्या. त्यांना काय सांगू? — नंदुरबार

ताई, नॅनो असतं हे खरं आहे, आणि ते आहे म्हणूनच ते इंजेक्शन देता येतं, हे त्यांना सांगा. लोहाचं साधं क्षार थेट रक्तात सोडलं तर मोकळं लोह पेशींना जाळतं. आयर्न सुक्रोजमध्ये लोहाच्या ऑक्साईड-हायड्रॉक्साईडचा काही नॅनोमीटरचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती साखरेच्या रेणूंचं आवरण. हे कण रक्तातून यकृत-प्लीहेतल्या पेशी उचलतात, आवरण सोडवतात आणि लोह हळूहळू, हिशोबाने बाहेर देतात, त्यातून हिमोग्लोबिन बनतं. म्हणजे कण शरीरात कायमचे पडून राहत नाहीत, वापरले जातात. अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी फेरुमॉक्सिटॉल नावाचं असंच औषध मंजूर झालं, त्याचा गाभा चुंबकीय ऑक्साईडचा आहे त्यामुळे एमआरआयमध्येही ते वापरून बघतात, पण कण इतके लहान की बाहेरचं चुंबक काढलं की त्यांचं चुंबकत्वही जातं.

भीती पूर्ण खोटी आहे असं मात्र सांगू नका, क्वचित कोणाला तीव्र रिअॅक्शन येते, म्हणून हे घरी किंवा घाईत द्यायचं नसतं, दवाखान्यात, सलाइनमध्ये पातळ करून, हळू, आणि झाल्यावर निदान अर्धा तास बसवून. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. सोबत जाल तेव्हा बाईला आधीच सांगून ठेवा की खाज, गरगरणं, दम लागणं, छाती भरून येणं यातलं काहीही वाटलं तर लगेच बोलायचं, लाजायचं नाही. आणि सुईच्या जागी आग झाली किंवा सूज आली तर सिस्टरला तिथल्या तिथे थांबवायला सांगायचं, औषध शिरेबाहेर झिरपलं की कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्महिने जात नाही.